डॉक्टरांनी काटापट्टी मागितली

मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर भरताना ‘आधीचे उपचार’ विचारावे लागतात. मेहकर भागात त्याचं उत्तर बहुतेकदा सैलानीपासून सुरू होतं. नारळांची होळी पेटते तो पिंपळगाव सराईचा दर्गा. ‘बाहेरचं’ लागलेलं माणूस आधी तिथं, मग आमच्या बाकावर. आमचे डॉक्टर मनगटावरचा धागा काढायला कधीच सांगत नाहीत. पण नुसत्या धाग्यावर सोडूनही चालत नाही: २००१ साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळीनं बांधलेली माणसं आगीत सापडली, २८ जीव गेले. पुढं गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात डॉक्टरच जाऊन बसले, दुवा आणि दवा शेजारी शेजारी. आमच्याकडेही तोच खाक्या: धागा राहू दे, गोळी चुकवू नको.

स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो. म्हणजे ऐन परीक्षा, भरती आणि सोयरिकीच्या दिवसांत. मग ‘बरं होणं’ म्हणजे काय, यावरून बाकावरच दोन तट पडतात. आईबाप विचारतात, गोळ्या कधी बंद होतील? (लग्नाआधी, हे मनातलं.) पोरांचं निराळंच असतं. शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाच्या आशाताईंनी आणलेली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करायची आणि गोळ्या गुपचूप फेकून द्यायची. घरचे म्हणत, हट्टी आहे. ती म्हणाली, “सर, सकाळी डोळे उघडत नाहीत, वजन वाढलं. ८०० मीटर पळू कशी?” औषध बदललं, रात्रीची वेळ अलीकडे घेतली. पुढच्या खेपेला ती पळण्याचं टायमिंग सांगतच आत शिरली.

सगळ्यात गाजला तो सोयाबीनचा किस्सा. वर्षभर भिंतीशी बोलणारा पोरगा सावरला होता. त्याचं मागणं एकच, “माल विकाले मले एकट्याले जाऊ द्या.” बाप गोळ्यांची पाकिटं आणि गाडीची चाबी, दोन्ही स्वतःच्या खिशात ठेवणारा. अखेर धाडलं एकदाचं. दुसऱ्याच दिवशी बाप त्याला धरून हजर. “पुन्हा बिघडलं साहेब. आडत्यासंगं भांडला, भर बाजारात.”

डॉक्टरांनी पोराला विचारलं, झोप? लागते. आवाज? नाही येत. “पट्टी आहे का?” खिशातून आडत्यानं दिलेली वजनाची चुरगळलेली काटापट्टी निघाली. वजन, हमाली, तोलाई, सगळं दोघांनी टेबलावर मांडलं. कटती, म्हणजे वजनातली कपात, जास्तीची मारली होती.

“भांडण बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले.

बापानं चष्मा चढवून पट्टी पुन्हा वाचली आणि पोरावरच उखडला, “मंग पैसे घेतल्याबिगर वापस कसा आला रे?”