वळिवडे

महाराष्ट्र राज्याच्या कोल्हापूर जिल्ह्यातील, करवीर तालुक्यातील एक लहान गाव. ते कोल्हापूर शहराच्या पूर्वेस पंचगंगा नदीजवळ वसले असून ऊस हे परिसरातील प्रमुख पीक आहे. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला; त्यावर गावाच्या नावाचे छोटे स्थानक आहे. एरवी नदीकाठच्या इतर गावांहून फारसे निराळे नसलेले हे गाव दुसऱ्या महायुद्धकाळातील पोलिश निर्वासितांच्या वसाहतीमुळे यूरोपात ज्ञात झाले.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएट रशिया यांनी पोलंड आपसांत वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील काही लाख नागरिकांना १९४०-४१ मध्ये सायबीरिया, कझाकस्तान इ. दूरच्या प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यावर त्यांना ‘माफी’ मिळाली. वस्तुतः त्यांच्यापैकी बहुतेकांनी कोणताच गुन्हा केलेला नव्हता. जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली पोलिश सेना आणि तिच्याबरोबर निघालेली कुटुंबे १९४२ मध्ये इराणमध्ये पोहोचली. पुढे सेना युद्धआघाडीवर गेली व कुटुंबे भारत, पूर्व आफ्रिका इ. ठिकाणी विखुरली.

वळिवडे येथील वसाहत १९४३ मध्ये वसविण्यात आली. तीत सु. ५,००० निर्वासित होते. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा होता. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना दिलेला आश्रय अधिक प्रसिद्ध असला, तरी भारतातील सर्वांत मोठी पोलिश वसाहत वळिवड्याचीच होय. छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर (१९४०) कोल्हापूर संस्थानचा कारभार या काळात रीजन्सीमार्फत चालत होता. बराकींच्या रांगा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह आणि प्राथमिक ते माध्यमिक शाळा यांमुळे वसाहतीला एखाद्या पोलिश गावाचे रूप आले. शिक्षण पोलिश भाषेत चाले, कारण मायदेशी परतणे ही केवळ काळाची बाब आहे, अशी सर्वांची धारणा होती. मे १९४४ मध्ये आंडर्स यांच्या सेनेने इटलीतील माँते कासीनो काबीज केले. त्या लढाईत वसाहतीतील कित्येकांचे आप्त होते.

युद्ध संपले, परंतु परतीची वाट उरली नाही. पूर्व पोलंड सोव्हिएट संघराज्यात समाविष्ट झाल्याने अनेकांची मूळ घरे परदेशात गेली होती. लंडनमधील निर्वासित पोलिश शासनाची मान्यताही ब्रिटनने जुलै १९४५ मध्ये काढून घेतली. काहीजण नव्या पोलंडमध्ये परतले; इतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इ. देशांत गेले आणि १९४८ मध्ये वसाहत बंद झाली. मृत्यू पावलेल्यांची थडगी कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

रिकाम्या बराकी फार काळ ओस पडल्या नाहीत. फाळणीमुळे सिंध सोडावा लागलेल्या कुटुंबांना तेथे जागा देण्यात आली व त्यातून गांधीनगर ही वसाहत उदयास आली. शेतीप्रधान परिसरात जमीन नसलेल्या या लोकांनी व्यापाराचा आश्रय घेतला. गांधीनगरची घाऊक कापडपेठ आज दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात प्रसिद्ध आहे. बाजाराच्या वाढीत बराकींच्या मूळ खुणा मात्र बव्हंशी पुसल्या गेल्या.

कोल्हापूर शहरातील महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक असून, वळिवडे येथे २०१९ मध्ये स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.