चॉकलेटमधली साखर कुठून येते?

परवा कँटीनमध्ये एकीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. आफ्रिकेतला आयव्हरी कोस्ट, कोकोची बाग आणि कोयत्याने फळं फोडणारा दहा-अकरा वर्षांचा पोरगा. ‘आजपासून चॉकलेट बंद,’ दोघी-तिघींनी लगेच जाहीरही केलं. बरोबरच आहे म्हणा. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांत कोकोच्या कामाला जुंपलेली सुमारे १५ लाख ६० हजार मुलं असल्याचं २०२० च्या अहवालात आलं होतं. हे थांबवू, असा करार चॉकलेट कंपन्यांनी केला होता २००१ मध्ये!

पण जरा रॅपर उलटून बघा. बऱ्याच मिल्क चॉकलेटवर घटकांच्या यादीत पहिलं नाव कोकोचं नसतं, साखरेचं असतं. ती कुठल्या उसाची, हे रॅपर सांगत नाही. आणि उसाच्या फडातली पोरं बघायला आफ्रिकेत जायची गरज नाही.

जळगाव-धुळ्याहून सुरतेला जाणारा हायवे आपल्या ओळखीचा. साक्री, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली. लग्नाचा बस्ता घ्यायला आपण याच रस्त्याने जातो. दिवाळी झाली की साक्रीकडची, नंदुरबारकडची आदिवासी कुटुंबं याच रस्त्याने दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं. चाळीसगावकडच्या तांड्यांवरच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे वळतात. परत येणं थेट उन्हाळ्यात.

पोरांना मुद्दाम कुणी कामाला लावत नाही, खरी गोम इथेच आहे. घरात दाणा नसतो तेव्हा, पावसाळ्यातच, मुकादम उचल देऊन ठेवतो. हिशेब ‘कोयत्या’वर. एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. पोर त्यात कुठेच नाही. मजुरी मात्र टनावर, आणि त्यातूनच उचल फेडायची. मग बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते, मुलगा पाचट बाजूला करतो, वाढे गोळा करतो. आठ वर्षांची बहीण कोपीवर तान्ह्याला सांभाळते. तिला तर कुणी बालकामगारही म्हणणार नाही. पण ती तिथे आहे म्हणून आई फडात उभी राहू शकते.

कायदा आहे ना! २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. फक्त शाळा सांभाळून घरच्यांना मदत केलेली चालते. फडात विचारलं तर उत्तर तयार: ‘आईबापाला हातभार लावतोय.’ वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्यानेच बंद झाली. मग उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही, त्याला काय म्हणायचं?

पोर गावातच आजीजवळ थांबावं म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गाव सोडणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं. कल्पना चांगली. पण घरी भिली आणि शाळेत मराठी ऐकलेलं पोर बारडोलीच्या गुजराती वर्गात बसून करणार काय? त्यापेक्षा वसतिगृह बरं. फक्त ते ट्रक निघायच्या आधी सुरू व्हायला हवं. आपल्या गावच्या झेडपी शाळेत या दिवाळीआधी जाऊन एवढंच विचारा: यंदा कोणाकोणाची पोरं चाललीत, आणि वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का? आणि एखादं पोर कामाला जुंपलेलं दिसलं तर चाइल्डलाइनचा नंबर १०९८.