ओढ आणि गोडी (लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण मजा, सुख, समाधान आणि आनंद हे चार शब्द रोजच्या बोलण्यात कुठे कुठे येतात ते पाहिलं. त्यावर इचलकरंजीच्या एका वाचकभगिनींनी लिहिलं, की हा शेवटी शब्दांचाच कीस नाही का? आंबा खाल्ला, बरं वाटलं. त्याला सुख म्हणा नाहीतर आनंद म्हणा, आंब्याला काय फरक पडतो? प्रश्न मला मनापासून पटला, म्हणून आज आंब्यापासूनच सुरुवात करते.

आमच्याकडे दरवर्षी चैत्र सरता सरता देवगडहून पहिली पेटी येते. पेंढ्यातली हिरवट फळं आतल्या अंधाऱ्या खोलीत आढीला घातली जातात, वर गोणपाट. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या खोलीचं दार उघडलं की वास अंगावर येतो. मग घरातलं प्रत्येक जण येता-जाता आत डोकावतं, देठापाशी हळूच दाबून पाहतं, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते, "दाबू नका रे, डाग पडतो!" पहिला आंबा देवापुढे. त्याची पहिली फोड तोंडात गेली की दोन मिनिटं कुणी बोलत नाही. आणि मे महिन्याच्या अखेरीला, चौथी पेटी संपत आली असताना, तीच आई म्हणते, "आज ते आंबे संपवा बाई, चिलटं धरायला लागलीत."

आंबा तोच, झाडही बहुधा तेच, जीभ तर तीच. महिन्याभरात 'मिळेल का' चं 'संपवा' कसं झालं?

पहिलं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: सवय. माणूस चांगल्याला सरावतो तसा वाइटालाही सरावतो, आणि चांगल्याला फार लवकर. अमेरिकेत 1978 साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या 22 जणांना त्यांच्या सुखाविषयी विचारलं आणि त्यांची तुलना त्याच भागातल्या साध्या माणसांशी केली. लॉटरीवाले लक्षणीयरीत्या अधिक सुखी नव्हते. मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. सकाळची न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक या बारीकसारीक गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी गोडी वाटत होती. मोठ्या सुखाने लहान सुखांची चव नेली होती. अभ्यास लहान आहे, 22 माणसांवरून जगाचा कायदा करू नये. पण ज्यांनी घरात एकदम पैसा आलेला पाहिला आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही.

तरी सवय हे अर्धंच उत्तर. सवय झाली म्हणून गोडी कमी होते हे समजलं. पण गोडी कमी झाल्यावरही हात पुढे जातोच, तो का? पोट भरलंय, भूक नाही, चवही फारशी कळत नाही, आणि तरी फरसाणाच्या डब्यात हात जातो. ही भानगड समजून घ्यायला उंदरांकडे जावं लागेल.

1954 साली कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवली. उंदराने समोरची दांडी दाबली की त्या जागी विजेचा अगदी हलका झटका बसे. उंदीर ती दांडी दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांत काही उंदीर तासाला हजारो वेळा दाबत होते; समोर अन्न असूनही तिकडे वळत नव्हते. मेंदूतलं 'सुखकेंद्र' सापडलं, असा बोलबाला झाला. डोपामाइन नावाचं रसायन म्हणजेच सुखाचं रसायन, ही समजूतही याच वाटेने रुळली, आणि आज ती वर्तमानपत्रांपासून शाळेच्या गॅदरिंगच्या भाषणांपर्यंत सगळीकडे आहे.

ती समजूत कच्ची होती, हे दाखवलं मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी. उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की तो ओठ चाटतो, कडू सोडलं की जबडा वासतो. तान्हं मूलही हेच करतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर अन्नाकडे ढुंकूनही बघेनात, भरवलं नाही तर उपाशी मेले असते. पण जिभेवर साखर पडली की ओठ मात्र पहिल्यासारखेच चाटत. गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. याच्या उलटही पुढे दिसून आलं. ज्या उंदरांत डोपामाइन जास्त, ते गोडाकडे अधिक धावायचे; गोड लागण्यात मात्र वाढ नाही.

बेरिज यांचे इंग्रजी शब्द बाजूला ठेवून मी आपले दोन शब्द वापरते, ओढ आणि गोडी, कारण मराठीत ते आधीपासूनच वेगळे आहेत. 'मला त्याची ओढ लागली' आणि 'मला त्याची गोडी लागली' यांत आपण कधी गल्लत करत नाही. जगताना मात्र करतो. ओढ जोरात लागली की आपण धरून चालतो, की पुढे गोडीही तेवढीच असणार.

या ओढीचा स्वभाव आणखी खोलात पाहिला तो वोल्फ्राम शुल्त्झ यांनी, स्वित्झर्लंडमध्ये, माकडांवर. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळत. पुढे दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, तेव्हा त्या पेशी दिवा लागतानाच उसळू लागल्या. रस तोंडात पडत असताना गप्प. आणि दिवा लागून रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई. यात आपल्या घरातलं किती काही आहे पाहा. आढीचा वास हा आपला दिवा. पगारवाढीची कुजबुज हा दिवा. वाढ ठरल्याप्रमाणे हातात पडली तर 'हो, मिळाली' एवढंच. नाही मिळाली तर घरात सुतक. खिशातून एक रुपया गेलेला नसतो, तरी माणूस लुटल्यासारखा बसतो.

हातातल्या फोनविषयी वेगळं काय लिहू? गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला मी फक्त गजर लावायला फोन उचलला. खाली ठेवला तेव्हा पावणेएक वाजला होता. सव्वा तासात काय पाहिलं, हे आठवायचा मी अंधारात प्रामाणिक प्रयत्न केला. एका कुत्र्याच्या पिल्लाशिवाय काही आठवेना. अंगठा सरकत होता, म्हणजे ओढ भरपूर होती. गोडीचा एक क्षणही मला त्यात सापडला नाही. त्या रात्री मला वाईट वाटलं ते वेळेचं नाही. सव्वा तास मी स्वतःला सुखात समजत होते, याचं वाटलं.

इथे आपल्या जुन्या ग्रंथांतली एक जागा आठवते. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचा चक्क हिशोब मांडलाय. एक माणूस घ्या: तरुण, सज्जन, शिकलेला, धट्टाकट्टा, आणि धनधान्याने भरलेली सगळी पृथ्वी त्याची. त्याचा आनंद हे एक माप. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असं दहा वेळा शंभराने गुणत इंद्र, बृहस्पती, प्रजापती करत हिशोब ब्रह्मापर्यंत जातो. लहानपणी ऐकताना मला ही नुसती आकड्यांची उतरंड वाटायची. पण गुणाकाराच्या प्रत्येक पायरीवर उपनिषद एक पुस्ती जोडतं: एवढाच आनंद त्या जाणत्या माणसाचाही, जो 'अकामहत' आहे. 'हत' म्हणजे मारलेला, घायाळ. इच्छेचा घाव ज्याच्यावर बसलेला नाही असा. इच्छाच नसलेला, असा अर्थ पुष्कळ जण घेतात. मला शब्दाच्या घडणीत त्याहून माणुसकीचं काही दिसतं. भूक लागणं हा घाव नव्हे. फरसाणाच्या डब्यापुढे नाइलाज होणं हा घाव आहे.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त एक अख्खं प्रकरण 'सुखदुःखविवेक' म्हणून लिहिलं. ते कुठे लिहिलं हे विसरून ते वाचता येत नाही. 1910-11चा हिवाळा, मंडालेचा तुरुंग, सहा वर्षांची शिक्षा, जडलेला मधुमेह, घर समुद्रापलीकडे. सुखाची म्हणून जी यादी आपण करू, त्यातलं बहुतेक सगळं काढून घेतलेला माणूस पेन्सिलीने सुखाचा विचार लिहून काढत होता. आणि तो वैतागून 'सगळं मिथ्या आहे' असं म्हणत नाही. कर्म सोडा असं तर टिळक कुठेच म्हणत नाहीत; फळावरची आसक्ती सोडा म्हणतात. ओढ आणि गोडीच्या भाषेत मी ते असं वाचते: काम करताना त्यातली गोडी पुढच्या फळाच्या ओढीला गहाण टाकू नका.

आनंदाच्या वाटेतल्या अडथळ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भूक, कर्ज, दुखणं, मारझोड, अपमान हे खरे अडथळे आहेत आणि त्यांवर मनाच्या कसरतीचा उपाय नाही. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला कुणी व्यासपीठावरून 'समाधान मानायला शिका' म्हणतं तेव्हा माझा संताप होतो. त्याला पिकाला भाव हवा आहे. आज मी लिहिते आहे ते ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांच्याविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी.

आपला मोठा अडथळा तर सांगून झाला, ओढीलाच गोडी समजणं. तुलना हा दुसरा, त्यावर पुढे स्वतंत्र लेख आहे. 'एकदा मुलीचं लग्न होऊ दे, मग बघ' हा तिसरा. त्यात 'मग' कधी येत नाही, कारण माकडाचा दिवा दर वेळी एक पाऊल मागे सरकतो. चौथ्याकडे आपलं लक्षच जात नाही: आपण जिथे असतो तिथे नसतो. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली 2,250 माणसांना फोनवरून दिवसात कधीही विचारलं, की आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि ते भटकत असताना माणसं कमी सुखी होती. मन सुखद गोष्टीत भटकत असलं तरी हातातल्या कामात असल्यापेक्षा काही अधिक सुख नव्हतं.

याची उलट बाजू मी मिरजेत पाहिली. मुलीच्या तानपुऱ्याची जवारी गेली होती, आवाज बसका, लाकडी झाला होता. सतारमेकर गल्लीत एका छोट्या दुकानात घेऊन गेले. भिंतीला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि साठीच्या पुढचे एक कारागीर मांडी घालून बसलेले. "बसा ताई, तासाभरात देतो," म्हणाले. पैसे आधीच ठरले.

त्यांनी तारा सैल केल्या, घोडी उघडी केली आणि तिच्यावर कानस फिरवायला सुरुवात केली. फिरवली म्हणजे काय, नुसती टेकवून सरकवली. मग तार चढवली, छेडली, मान तिरकी करून ऐकली. तार उतरवली. पुन्हा कानस. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक दोरा असतो. तो केसभर पुढे सरकला तर नाद बंद, केसभर मागे तर चरचर. कुठेतरी मध्ये एक जागा असते, तिथे एका तारेतून सगळे स्वर फुलल्यासारखे बाहेर येतात. ती जागा ते शोधत होते. पंचम झाला, जोड झाली. खर्जाला अडलं. तास केव्हाच उलटून गेला होता. तोवर मी तीनदा फोन पाहिला होता.

"झालंय की चाचा," मी म्हटलं. माझ्या कानाला खरंच झालं होतं.

"अजून मोकळी बोलंना," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी शल्यविशारदांपासून गिर्यारोहकांपर्यंत अशा कामात बुडालेल्या पुष्कळ माणसांशी बोलून लिहिलंय, की त्या वेळी त्यांना 'आपण सुखात आहोत' असं काही वाटत नसतं. तसं वाटायला लागणारं लक्षही शिल्लक नसतं. सुख होतं हे ती मागाहून सांगतात. मला चाचांच्या तोंडावर हसू वगैरे दिसलं नाही. कपाळाला आठी होती आणि घामाने चष्मा घसरत होता. पण त्या दोन तासांत त्या माणसाला दुसरं काही हवं होतं, असंही कुठे दिसलं नाही.

समोरच्या टपरीवरच्या पोराने मघाशी दोन चहा आणून ठेवले होते. माझा कप रिकामा होता. चाचांनी दोरा पुन्हा नखाने सरकवला, खर्ज छेडला आणि नाद पार विझेपर्यंत डोळे मिटून बसले. त्यांच्या चहावर साय धरली होती.