पितळेला अमोनियाचं वावडं

अमेरिकेत अनेक नेमबाज रायफलची झाडलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतात. त्याआधी रिकाम्या पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भरड चुऱ्यात तासन्‌तास घुसळतात. काजळी जाते, पितळ झळकू लागतं. मात्र अमोनिया असलेलं पॉलिश जाणकार हातीही धरत नाहीत.

त्यामागची कथा ब्रिटिश हिंदुस्थानातली. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली काडतुसं न झाडताच तडकू लागली! काडतुसांच्या या पितळेत साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. थंड पत्रा ओढून पुंगळी घडवताना धातूत ताण शिल्लक राहतो. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत तांब्यावर चाल करतो, तोही धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमांवर. आणि आतला ताण तिथे पडलेली बारीक भेग रुंदावत नेतो. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी याची उकल मांडली. पुंगळ्या बेताने तापवून ताण घालवणं, हा त्यावरचा उपाय.

चकाकीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुंगळ्या घुसळताना उडणारी धूळ. बहुतेक काडतुसांच्या टोपीतल्या स्फोटकात शिसं असतं आणि ते काजळीतून चुऱ्यात उतरतं. म्हणून हे घुसळण्याचं काम स्वयंपाकघरात, मुलांच्या आसपास कधीही करू नये.