इंग्रजीतील शब्दांच्या जाती

परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. उर्दू व्याकरणात शब्दांच्या मुख्य जाती तीनच: इस्म, फेल आणि हर्फ. आज जिंतूर-गंगाखेडच्या मुलापुढे इंग्रजीच्या आठ येतात, नि तो बिचकतो. वास्तविक नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे आठही त्याने मराठीत शिकलेल्याच असतात. आपली ही मांडणी मुळी इंग्रजीच्या धर्तीवरच बेतलेली, बरे का!

घोडे अडते ते दुसरीकडेच. मराठीत ‘पाणी’ हे नाम ते नामच. इंग्रजीत ‘वॉटर’ हे नाम खरे. पण ‘वॉटर द प्लांट्स’ म्हटले, की तेच क्रियापद होते: रोपांना पाणी घाला. म्हणून सुटा शब्द दाखवून ‘याची जात सांग’ असे मुलाला विचारूच नये. अख्खे वाक्य द्यावे. शिवाय आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, ‘झाडाखाली’. इंग्रजीत ते आधी, ‘अंडर द ट्री’. नुसत्या याद्या घोकून हे कसे उमगणार?

आज घरी दोन वाक्ये लिहून द्या: ‘द प्लांट इज स्मॉल’ आणि ‘वी प्लांट कॉटन’. यातला कोणता ‘प्लांट’ नाम, ते मुलालाच सांगू द्या.