टंकलेखनाचे प्रमाणपत्र

महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखक व्हायचे, तर टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र लागते: मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४०. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पूर्वी टाइपरायटरवर, आता संगणकावर. उताऱ्याच्या वेगाबरोबर त्यात पत्र आणि तक्ताही नीट मांडावा लागतो, आणि माझ्या मते कार्यालयीन कामाचे खरे शिक्षण तिथेच होते. विषय, संदर्भ, समास, आकड्यांची सरळ रांग हे सारे हातात बसायला महिने जातात. वेगाचेही तसेच: त्याच्यामागे धावण्याआधी दहाही बोटे वापरायची सवय लावा. दोन बोटांची सवय पुढे सुटता सुटत नाही. टंकलेखनापलीकडे शिकायचे, तर आयटीआयमध्ये एक वर्षाचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) अभ्यासक्रमही आहे; त्यात संगणकाची ओळख अधिक व्यापक होते.