विचारणारे कोणी असावे

वार्धक्यात औषधांची आठवण करून देणारे पुष्कळ असतात. सल्ला विचारणारे मात्र विरळ होत जातात. ही उणीव बागकाम भरून काढू शकते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९७० च्या दशकाच्या प्रारंभी घरगुती बागांविषयीच्या शंकांनी विद्यापीठाचे कृषिविस्तार अधिकारी बेजार झाले होते. त्यांनी हौशी बागप्रेमींनाच शिकविण्याचे ठरविले. १९७३ मध्ये पहिले वर्ग भरले. अट एवढीच, की शिकलेल्याची फेड ठरावीक तास लोकांच्या शंकांचे निरसन करून करावयाची. ‘मास्टर गार्डनर’ नावाचा हा उपक्रम आज तेथील बहुतेक राज्यांत रुजला असून अनेक निवृत्त मंडळी त्यात रमली आहेत.

आपल्या सोसायटीतही हे साधेल. आठवड्यातील एक सकाळ ठरवावी. कुणी कोमेजलेली तुळस आणील, कुणी पिठ्या ढेकूण लागलेली जास्वंदीची फांदी. कुंडीचे छिद्र बुजून मुळाशी पाणी साचले आहे, हे अनुभवी नजर चटकन ओळखते.

घरच्यांनी थोडी काळजी घ्यावी. कुंड्या कमरेच्या उंचीवर मांडाव्यात, शेजारी पाठीची खुर्ची असावी, झारी अर्धीच भरावी. कुंड्या उचलण्याचे काम तरुणांनी करावे. हातमोजे वापरावेत, धनुर्वाताच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे. ऊन चढण्यापूर्वी बैठक आटोपावी.

आणि एखादे उत्तर आठवण्यास आजोबांना वेळ लागलाच, तर थांबा. ते उत्तर त्यांनाच देऊ द्या.